बाबांच्या मागे: नॉमिनी भाऊ, फ्लॅट चौघांचा आणि सातबारा काकांच्या नावावर

पारिजातक (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरेच जुने धागे चाळले, पण आमच्याकडे सगळेच प्रकार एकदम आलेत म्हणून नवा काढते.

बाबा गेल्या दिवाळीनंतर गेले. एसटीतून निवृत्त, नाशिकला राहायचे. मृत्युपत्र नाही. मागे आई (वय ७२), मोठी ताई (न्यू जर्सी), मी (पुणे) आणि धाकटा भाऊ, जो आईसोबत नाशिकला राहतो. भाऊ वाईट नाही हे आधीच लिहून ठेवते. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, बाबांचं शेवटचं हॉस्पिटल, सगळं त्यानेच केलं.

तर मालमत्ता अशी. फ्लॅट बाबांच्या एकट्याच्या नावावर, २००९ चा. सोसायटीत नॉमिनी भाऊ. तेव्हा भावाने नुकत्या लागलेल्या नोकरीतून थोडे पैसे घातले होते, त्याचा कागद काही नाही. राष्ट्रीयीकृत बँकेत एफडी, तिथे आई नॉमिनी. एका पतसंस्थेत ठेव, तिथे नॉमिनीच नाही. पीपीएफ, एलआयसी आईच्या नावे नॉमिनेशन असलेली. जुन्या कागदी शेअरची दोन सर्टिफिकेटं कपाटात सापडली. आणि तासगाव तालुक्यात आजोबांची शेती. सातबारावर मोठ्या काकांचं नाव, पुढे 'ए.कु.मॅ.' असं लिहिलंय. बाबांचं नाव कुठेच नाही. दोन आत्या आहेत, त्यांचंही नाही.

घरात बोलणं असं चाललंय की भाऊ नॉमिनी आहे म्हणजे फ्लॅट त्याचा झालाच, पण वाद नको म्हणून तो म्हणतो सगळं आईच्या नावावर करू. आम्ही दोघी बहिणींनी हक्कसोड द्यायचं आणि मग आईने मृत्युपत्र करायचं. गावच्या जमिनीचं नाव काढलं की आई म्हणते राहू दे, भाऊजी काय खाऊन टाकणार आहेत का.

नक्की काय करावं? वकील करणार आहोतच, पण त्याच्याकडे जाऊन काय विचारायचं ते तरी कळू दे.


टोच्या

भाऊजी खाऊन टाकणार नाहीत. त्यांची मुलं टाकतील. :)


खडूसआजोबा

बँकेत उभा जन्म गेला, त्यातली निम्मी वर्षं 'ठेवीदार मयत' या शेऱ्याच्या फायली बघण्यात. म्हणून आधी ते नॉमिनीचं भूत उतरवतो.

नॉमिनी म्हणजे ज्याच्या हातात पैसे दिले की बँक मोकळी होते तो माणूस. मालक वारसच. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८४ साली सरबती देवी खटल्यात विम्याच्या बाबतीत सांगितलं, आणि डिसेंबर २०२३ मध्ये शेअर आणि म्युच्युअल फंडाच्या बाबतीत पुन्हा सांगितलं. मधे चाळीस वर्षं गेली तरी काउंटरवर येणारा प्रत्येक जण म्हणतो, "साहेब, नॉमिनी मीच आहे, इतरांचा संबंध नाही." विम्याचं थोडं वेगळं झालंय. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर त्यांना 'लाभार्थी नॉमिनी' म्हणतात. पण त्यांचा हक्क वारसांच्या वर जातो का, यावर कोर्टांत अजून भांडणं आहेत.

फ्लॅटचंही तेच. महाराष्ट्रात २०१९ साली सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं. त्यात नॉमिनीला वारस ठरेपर्यंत तात्पुरता सभासद करून घेतात. सभेला जाईल, मेंटेनन्स भरेल. विकता येणार नाही.

तेव्हा तुमचे बंधू आईच्या नावावर 'करून देतायत' हे बोलणंच चुकीचं आहे. त्यांच्याकडे देण्यासारखा चौथा हिस्सा आहे, तेवढाच तुमच्याकडे आणि तुमच्या ताईकडे.

बाकी एक विचारायचं राहिलं, आजी आहेत का? मुलगा मृत्युपत्र न करता गेला तर त्याची आई पहिल्या वर्गातली वारस असते. वडील नसतात. लोक हे विसरतात आणि मग नव्वदीच्या आजीची सही हवी म्हणून धावाधाव होते.


पारिजातक

आजोबा १९८८ ला गेले, आजी २०१६ ला. म्हणजे चारच वारस ना?


खडूसआजोबा

फ्लॅट आणि ठेवींना चारच. आई आणि तीन मुलं, सारखे भाग. मुलीचं लग्न झालं, परदेशी गेली, याने काही फरक पडत नाही.


सुगरणपक्षी

पारिजातक, तुमच्या भावाने २००९ ला घातलेल्या पैशांचं मात्र मोकळेपणाने बोला. कायद्याच्या दृष्टीने फ्लॅट बाबांच्या नावावर, म्हणजे बाबांचा. मुलाने दिलेली रक्कम कागदाशिवाय काहीच सिद्ध करत नाही. पण घरात सगळ्यांना माहीत असतं की त्याने दिले. ते मान्य करून त्याला वरचे काही देण्याचं ठरवलंत तर तो तुमचा मोठेपणा. नाहीतर तो आयुष्यभर म्हणत राहणार की मी एकट्याने फेडलं आणि तुम्ही म्हणत राहणार की कागद दाखव.

आता मूळ मुद्दा. सगळं आईच्या नावावर करायच्या मी शंभर टक्के बाजूने आहे. माझ्या जावेच्या माहेरी वडील गेल्यावर चौघांची नावं लागली, आईला चौथा हिस्सा. दोन वर्षांत एका मुलाला धंद्यासाठी पैसे हवे झाले, त्याने वाटणीचा दावा लावला. पूर्वी राहत्या घराबाबत मुलींना वाटणी मागायला अडसर होता, २००५ पासून तोही नाही, त्यामुळे कुणीही सहहिस्सेदार दावा लावू शकतो. आई सत्तरीत कोर्टाच्या पायऱ्या चढतेय. घर पूर्ण आईचं असतं तर कुणाची हिंमत झाली नसती.


अर्जनवीस

दुय्यम निबंधक कार्यालयाच्या बाहेर टेबल टाकून बसतो, दस्त लिहिणं हाच धंदा. सुगरणताईंचं बरोबर, पण अर्धं.

हक्कसोड दिलंत की तुमचा हिस्सा गेला. कायमचा. त्यानंतर आई पूर्ण मालक, आणि पूर्ण मालक आपल्या मर्जीने मृत्युपत्र करू शकते. सगळं मुलाला लिहून दिलं तर तुम्हाला 'पण आमचं ठरलं होतं' म्हणता येणार नाही. ठरलेलं दस्तात नसतं. आणि आईने मृत्युपत्र केलंच नाही तर तिन्ही मुलांना सारखं जाईल, ते एक बरं.

माझ्या टेबलावर रोज एक तरी भाऊ येतो, "बहिणी तयार आहेत, फक्त शंभराच्या स्टँपवर नोटरी करून द्या." तसं होत नाही. स्थावर मालमत्तेतला हिस्सा सोडायचा तर हक्कसोडपत्र नोंदणीकृतच पाहिजे. नोटरीचा शिक्का मारलेला कागद फ्रेम करून भिंतीला लावायच्या कामाचा. दुसरं, वडील जिवंत असताना त्यांच्या स्वकष्टाच्या मालमत्तेवर मुलीकडून 'मला काही नको' लिहून घेतात. जो हक्क अजून आलाच नाही तो सोडता येत नाही. ज्या बहिणींच्या तशा सह्या झाल्यात त्यांनी निवांत राहावं.

खर्चाची भीती नको. जवळच्या नात्यातल्या हक्कसोडीला महाराष्ट्रात मुद्रांक नाममात्र आहे, पूर्वी दोनशे होता, २०२४ च्या ऑक्टोबरपासून पाचशे. पण मोबदला घेऊन सोडलं, किंवा काकांच्या मुलाला सोडलं, तर हिशेब बदलतो. मसुदा आधी कार्यालयात दाखवून घ्या, दस्त परत आला की एक दिवस आणि एक रजा फुकट जाते.


एडिसनवहिनी

न्यू जर्सीवाल्या ताईंसाठी. हक्कसोडीसाठी भारतात जावंच लागतं असं नाही. वकिलातीतून मुखत्यारपत्र साक्षांकित करून घ्यायचं, मूळ कागद कुरियरने पाठवायचा, भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरायचा. ही तीन महिन्यांची अट कुणी सांगत नाही.

मुखत्यारपत्र 'सर्व अधिकार' वालं देऊ नये. फ्लॅट नंबर, कुणाच्या लाभात सोडायचं, तेवढंच लिहायचं. आणि ज्याच्या लाभात हक्कसोड होतेय त्यालाच मुखत्यार नेमू नका, पुढे शंका काढायला जागा राहते. माझ्या नणंदेला किंवा मैत्रिणीला नेमा, पण भावाला नको. (माझी नणंद म्हणजे तुमची कोणी नाही, सवयीने लिहिलं गेलं.)


टोच्या

वहिनी, तुमची नणंद उपलब्ध आहे का? आमच्याकडेही एक हक्कसोड अडकलंय.


भाऊसाहेबबाहेरगेलेत

आयडीवरून ओळखलंच असेल. तलाठी होतो, आता सुटलो. शेतीचं मी बघतो.

ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. आजोबा गेले की थोरल्याचं नाव लावायचं आणि पुढे हे अक्षर टाकायचं, अशी पद्धत होती. म्हणजे काका मालक म्हणून नाहीत, कुटुंबाचा कर्ता म्हणून आहेत. घोटाळा पुढे होतो. संगणकीकरणात, नाहीतर एखाद्या फेरफारात (हक्क बदलल्याच्या नोंदीत) ती तीन अक्षरं गळतात आणि कर्ता एका रात्रीत मालक दिसायला लागतो. तुमच्या उताऱ्यावर अजून आहेत, हे नशीब समजा. आजच्या तारखेचा डिजिटल सहीचा सातबारा काढून ठेवा. मग मागे जा. सातबाराच्या खाली फेरफार क्रमांक असतात, वर्तुळात. त्यातला १९८८-८९ च्या सुमाराचा वारस फेरफार, म्हणजे गाव नमुना सहाचा उतारा, तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढा. त्यात सगळ्या वारसांची नावं सापडतात. आत्यांची नावं बहुतेक 'इतर हक्क' रकान्यात टाकलेली असतील. कब्जेदार सदरी भाऊ आणि इतर हक्कात बहिणी, हा आमच्या खात्याचा जुना शिरस्ता. काही गावांत तर तलाठ्यापुढे बहिणीचा जबाब घ्यायचे, "मला माझ्या भावाकडून काही नको", आणि नाव कमी. त्या जबाबाने हक्क जात नाही, नोंद जाते.

बाबांचं नावच नसेल तर दोन पायऱ्या आहेत. आधी आजोबांचे सगळे वारस कब्जेदार म्हणून लावणं, मग बाबांच्या जागी तुम्ही चौघं. मयताची वर्दी तीन महिन्यांत द्यावी असं जमीन महसूल संहितेत आहे, पण उशीर झाला म्हणून नोंद होत नाही असं नाही. अर्ज ई-हक्कवर ऑनलाइन करता येतो. २०२५ च्या एप्रिलपासून सरकारने 'जिवंत सातबारा' मोहीम काढली ती याचसाठी, उताऱ्यावर मेलेली माणसं शेती करत होती. चौकशी होऊन नाव आधी वारस नोंदवहीत, म्हणजे सहा-क ला जातं. मग फेरफार, नोटीस, पंधरा दिवस. कुणी हरकत घेतली की प्रकरण 'तक्रारी' होतं, मंडळ अधिकारी सुनावणी लावतो.


पारिजातक

आत्यांनाही हिस्सा? त्यांची लग्नं १९७५-८० च्या दरम्यान झाली. आणि आजोबा तर मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क देणाऱ्या २००५ च्या कायद्याच्या कितीतरी आधी गेले.


भाऊसाहेबबाहेरगेलेत

हो, आत्यांनाही. जमीन वडिलोपार्जित असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालाने प्रश्नच मिटवला. मुलीचा हक्क जन्माने, ९ सप्टेंबर २००५ ला बाप जिवंत असायची गरज नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटप झालं असेल तरच ते अबाधित. तोंडी वाटप झालं होतं म्हणणाऱ्याला सरकारी कागद दाखवावा लागतो. तुमच्याकडे ए.कु.मॅ. अजून तसंच आहे, म्हणजे वाटप झालंच नाही याचा पुरावा उताऱ्यावरच आहे. आणि जमीन आजोबांच्या स्वकष्टाची असली तरी त्या १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून वारस आहेतच.

आता खरं सांगतो. बाबांचा हिस्सा लावायला गेलात की आत्यांचाही वर येणार. आत्या आणि तुम्ही एकत्र अर्ज करा. एकट्या गेलात तर काका आधी आत्यांकडे जाऊन साडीचोळीवर सही घेतील. दहा पैकी आठ गावांत हेच बघितलंय.


मिरजमळा

अवांतर, पण इथे सगळे एकाच कायद्याने बोलतायत म्हणून. आमच्या मुस्लिम घरांत मृत्युपत्राने एक तृतीयांशापेक्षा जास्त देता येत नाही, आणि वारसालाच द्यायचं तर बाकीच्या वारसांची संमती लागते. माझ्या शेजारच्या काकांनी हिंदू मित्राचं मृत्युपत्र बघून जसंच्या तसं उतरवलं होतं.


म्हादयकाठ

आमच्या गोव्यात तर त्याहून निराळं. पोर्तुगीजांच्या १८६७ च्या संहितेचा वारसा. लग्न झालं की साधारणपणे निम्मं बायकोचं, उरलेल्या निम्म्यातलंही निम्मंच मृत्युपत्राने कुणाला देता येतं, बाकी मुलांचं राखीव. मुलाला बेदखल करतो म्हणून ओरडणारा बाप गोव्यात नुसता ओरडतो. मृत्युपत्रही घरी कागदावर लिहून चालत नाही, नोटरीपुढे करावं लागतं आणि तिथे ते काम सब-रजिस्ट्रारच बघतो. नवरा-बायकोपैकी एकाला दुसऱ्याच्या सहीशिवाय घर विकता येत नाही. पुण्यात आल्यावर शेजाऱ्यांनी बायकोला न सांगता फ्लॅट विकलेला बघितला तेव्हा दोन दिवस विश्वास बसला नव्हता.


सुगरणपक्षी

म्हादयकाठ, हा कायदा इकडे आणा हो.

मूळ विषयाकडे. अर्जनवीस यांनी भीती घातली की आई सगळं मुलाला देईल. मग देऊ दे ना! तिचं आहे. पण मुलगा म्हणाला 'मृत्युपत्र कशाला, आताच बक्षीसपत्र कर', तर आईने त्याला हात जोडावेत. मृत्युपत्र कितीदाही बदलता येतं, बक्षीसपत्र झालं की आई स्वतःच्या घरात पाहुणी.


अर्जनवीस

असं सरसकट नको. काही घरांत बक्षीसपत्रच शहाणपणाचं असतं. तीन मुलं एकमेकांचं तोंड बघत नसतील तर मृत्युपत्रावर दावा ठरलेला. बक्षीसपत्राला आई जिवंत असते, ती स्वतः सांगू शकते मी दिलं. मुलामुलीला राहतं घर किंवा शेतजमीन द्यायची तर मुद्रांकही अगदी थोडा. फक्त दस्तात लिहायचं, आई हयात असेपर्यंत राहण्याचा आणि भाडं घेण्याचा हक्क तिचा, आणि मुलाने सांभाळ करायचा या अटीवर दिलं. ती अट असेल आणि पाळली नाही तर ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याच्या कलम २३ खाली प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) अर्ज करून बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. अट न लिहिताही कोर्टांनी कधी दिलंय, कधी नाही. म्हणून लिहाच.


सुगरणपक्षी

अट लिहा, मग प्रांताकडे अर्ज करा, मग हेलपाटे घाला. पंच्याहत्तराव्या वर्षी. त्यापेक्षा द्यायचंच नाही.


अर्जनवीस

ताई, तुमच्याशी दस्त कोण करणार! :) ठीक, मतभेद राहू द्या.


खडूसआजोबा

मृत्युपत्राचं कुणी नीट सांगितलं नाही. स्टँप लागत नाही. साध्या कागदावर, मराठीत, स्वतःच्या हस्ताक्षरातही चालतं. दोन साक्षीदारांसमोर सही, आणि त्या दोघांची सही. नोंदणी सक्तीची नाही, पण करा, फी शंभर रुपये आहे, तेवढ्याचा चहा होतो बाहेर. साक्षीदार आपल्यापेक्षा तरुण घ्या. उद्या वाद झाला तर दोघांतला एक तरी कोर्टात उभा राहावा लागतो, आणि आमच्या पिढीचे लोक मित्रांना साक्षीदार करतात, मित्र आधी जातात. ज्याला मालमत्ता मिळणार त्याला किंवा त्याच्या बायकोला साक्षीदार करू नका.

मुंबईत मालमत्ता असलेल्यांना प्रोबेटची (मृत्युपत्र कोर्टाकडून प्रमाणित करून घेण्याची) सक्ती होती, ते कलम संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये काढून टाकलं. नाशिककरांना तो प्रश्न तसाही नव्हता.

माझ्या थोरल्या बहिणीचं मृत्युपत्र नोंदवलं तेव्हाचं सांगतो. कार्यालय पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद. तिला खुर्चीसकट उचलून वर नेलं. निबंधक बाई चांगल्या होत्या. आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार लावून विचारलं, आजी, तुम्हाला कुणी आणलं, हे कागदात काय लिहिलंय ते तुमच्या शब्दांत सांगा. बहीण म्हणाली, "घर धाकट्याला, कारण तो राहतो. बांगड्या दोघी सुनांना, कारण त्या भांडतात." मग अंगठ्याचा ठसा यंत्रावर उमटेना, चार वेळा ओल्या फडक्याने पुसून घेतला. ज्यांना जिना चढवत नाही त्यांच्यासाठी निबंधक घरी येऊ शकतात, तसा अर्ज करता येतो. हे त्या दिवशी खाली उतरल्यावर कळलं. सोबत त्याच आठवड्यातला डॉक्टरांचा दाखला जोडा, मनाने शुद्धीवर आहेत असा.


पारिजातक

पतसंस्थेचं आणि शेअरचं कुणी सांगाल का? पतसंस्था म्हणते वारस दाखला आणा, कोर्टाचा. रक्कम एवढी मोठी नाही हो.


खडूसआजोबा

बँकेचं आधी. नॉमिनी किंवा 'दोघांपैकी कोणीही' असं संयुक्त खातं असेल तर मृत्यूचा दाखला, ओळखपत्र आणि अर्ज, बास. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नियम काढलेत, मार्च २०२६ अखेरपर्यंत लागू करायचे. कागद पूर्ण दिल्यापासून पंधरा दिवसांत दावा निकाली, उशीर केला तर बँकदर अधिक चार टक्के व्याज. नॉमिनी नसला तरी पंधरा लाखांपर्यंत कोर्टाचा कागद मागायचा नाही, सहकारी बँकेत ही मर्यादा पाच लाख. पण पतसंस्था ही बँक नाही. हे नियम तिला लागू नाहीत आणि ठेव विम्याचं पाच लाखांचं संरक्षणही नाही. तेव्हा भांडत बसू नका, पोटनियम मागा. बऱ्याच पतसंस्था छोट्या रकमेला सर्व वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि हमीपत्रावर भागवतात, मॅनेजर कोर्टाचा कागद मागतो कारण त्याला सही करायची भीती वाटते.

कोर्टाचाच आणायची वेळ आली तर नाव नीट विचारा. ठेवी, शेअर, रोखे यांच्यासाठी उत्तराधिकार प्रमाणपत्र. आपल्याकडे 'वारस दाखला' म्हणतात तो वेगळा, १८२७ च्या मुंबई विनियमाखाली दिवाणी न्यायालय देतं, स्थावरासाठी तो कामाला येतो. लोक एक आणतात आणि कारकून दुसरा मागतो.

शेअर सर्टिफिकेटवरच्या कंपनीचं नाव बदललंय का बघा. सात वर्षं लाभांश उचलला नसेल तर शेअर सरकारच्या आयईपीएफकडे (गुंतवणूकदार संरक्षण निधीकडे) गेलेले असतात. तिथून परत मिळतात, पण सावकाश. बँकेतली विसरलेली खाती शोधायला रिझर्व्ह बँकेचं उद्गम पोर्टल आहे. कर लागेल का विचारण्याआधीच सांगतो, वारशावर नाही, तो १९८५ साली गेला. फ्लॅट पुढे विकलात तर भांडवली नफा लागेल, खरेदी किंमत बाबांची धरून.

आणि बाबांचं सिम बंद करू नका, सगळी कामं होईपर्यंत रिचार्ज करत राहा. त्यांचं एटीएम कार्ड मात्र कपाटात. त्यातून पैसे काढले की बाकीचे वारस आणि बँक दोघंही विचारतात.


एडिसनवहिनी

आईचं स्वतःचं काय? तिच्या खात्यांना नॉमिनी आहे का? बाबांच्या नादात सगळे आईला विसरतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेत चार नॉमिनी लावता येतात, टक्के लिहून.


पारिजातक

आईच्या खात्याला नॉमिनी बाबाच होते. उद्याच बदलते.


पारिजातक

(काही महिन्यांनी धागा वर काढतेय, खूप जणांनी विपू (विचारपूस) करून विचारलं.)

बँक, पीपीएफ, एलआयसी झालं. पतसंस्थेने हमीपत्रावर दिलं, पोटनियम मागितल्यावर मॅनेजरचा सूरच बदलला. शेअर आयईपीएफमध्ये गेलेत, अर्ज टाकलाय.

फ्लॅटचं ठरलं ते सुगरणताईंना अर्धं आवडेल. मी आणि भावाने आईला हक्कसोड दिलं. ताईने दिलं नाही. ती म्हणाली माझा चौथा हिस्सा माझ्या नावावर राहू दे, मी आईच्या हयातीत कधी वाटणी मागणार नाही, पण सही करणार नाही. भाऊ आठवडाभर बोलला नाही तिच्याशी. मला आधी राग आला, आता तेवढा नाही. सोसायटीत आई आणि ताई अशी नावं लागलीत. भावाच्या २००९ च्या पैशांचं आईने मृत्युपत्रात लिहिलंय, रक्कम घालून. निबंधक घरी आले होते.

शेतीला धाकट्या आत्या आमच्यासोबत आल्या, थोरल्या आत्या मात्र काकांच्या बाजूने. १९८९ चा फेरफार मिळाला, त्यात बाबांचं आणि दोन्ही आत्यांचं नाव वारस म्हणून स्पष्ट आहे. अर्ज केला, नोटीस निघाली, चौदाव्या दिवशी काकांच्या मुलाची हरकत आली. म्हणतो १९९२ ला तोंडी वाटप झालं.


भाऊसाहेबबाहेरगेलेत

तोंडी वाटप झालं असेल तर त्यानंतर ए.कु.मॅ. का ठेवलं, हे सुनावणीत विचारा. आणि शेतसाऱ्याच्या पावत्या, विहिरीच्या मोटारीचं वीजबिल, गावच्या विकास सोसायटीचं पीककर्ज कुणाच्या नावावर होतं ते काढा. निकाल विरोधात गेला तर प्रांताकडे अपील, साठ दिवसांत. आणि फेरफाराने मालकी ठरत नाही. हट्टाला पेटले तर दिवाणी कोर्टात वाटपाचा दावा लावावाच लागेल, तिथे तुमचा १९८९ चा कागद भारी पडेल.

तारीख कधीची आहे?


पारिजातक

पुढच्या मंगळवारी, मंडळ अधिकाऱ्यांकडे. आई येणार म्हणतेय. नको म्हटलं तरी.


टोच्या

येऊ द्या. भाऊजींना बघायचं असेल त्यांना.